धुळीवर धुळीचा उतारा

दशावतारी खेळांत आणि जुन्या पौराणिक नाटकांत राक्षसाचा प्रवेश व्हावयाचा असला, म्हणजे पेटत्या पलित्यावर राळ उडविण्याची चाल होती. राळेचा खडा निखाऱ्यावर ठेवला तर तो आधी पाझरतो, मग धुरकटत सावकाश जळतो. तीच राळ वस्त्रगाळ करून मूठभर पलित्यावर फेकली, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच भडका उठतो आणि पुढे बसलेली मुले आईच्या पदराआड दडतात. पदार्थ तोच, अग्नीही तोच. अंतर एवढेच, की खड्याला हवा फक्त वरून चाटते आणि भुकटीच्या कणाकणाला ती चोहोंकडून वेढते. राळ उडविणाऱ्या गड्याला रसायनशास्त्राचा गंधही नव्हता. परंतु त्याला जे अनुभवाने ठाऊक होते, ते मान्य करावयास युरोपातील खाणमालकांना आणि कित्येक नामांकित शास्त्रज्ञांना शंभर-सव्वाशे वर्षे लागली, आणि तेवढ्या अवधीत हजारो माणसे प्राणास मुकली.

या इतिहासाचे पहिले नीट लिहून ठेवलेले पान इटलीतील तुरीन शहरचे आहे. इ. स. १७८५ च्या डिसेंबरची १४ तारीख, सायंकाळी सहाचा सुमार. जाकोमेल्ली नावाच्या एका पाववाल्याच्या दुकानात एकाएकी धमाका झाला आणि रस्त्याकडील खिडक्या चौकटींसुद्धा बाहेर फेकल्या गेल्या. दुकानात असलेल्यांना क्षणभर लखलखीत ज्वाळा दिसली. दुकानाच्या मागील खोलीवर पिठाचे कोठार होते. तेथे एक पोरगा दिव्याच्या उजेडात पीठ उकरीत होता. उकरता उकरता वरचा ढीग ढासळला, पिठाचा दाट लोट उठला आणि तो दिव्याला भिडताच पेटला. पोराचे तोंड व हात भाजले, केस जळाले. दुसरा एक पोरगा माचाणावर होता. ज्वाळा आपल्याच रोखाने येत आहे असे पाहून त्याने खाली उडी घेतली आणि पाय मोडून घेतला. प्राणहानी मात्र झाली नाही.

काउंट मोरोत्सो या तेथील विद्वानाने या प्रकाराची बारकाईने चौकशी केली. यंदाइतके कोरडे पीठ आपण कधी हाताळले नव्हते, असे पाववाल्याने त्याला सांगितले. त्या वर्षी पीडमाँट प्रांतात पाच-सहा महिने पावसाचा थेंब पडला नव्हता. कोरडे पीठ, त्याचा लोट आणि उघडा दिवा या तिहींचा मेळ मोरोत्सोने बरोबर जुळविला, आणि अशा गोष्टींविषयीचे अज्ञान व बेफिकिरी यांमुळे होणारी हानी कित्येकदा दुष्टाव्याने होणाऱ्या हानीहून अधिक असते, असा शेरा मारला. त्याचे टिपण विद्वानांच्या वर्तुळात फिरले, त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. पण पीठ दळणारे आणि कोळसा खणणारे लोक विद्वत्सभांची टिपणे थोडेच वाचतात!

तुरीनच्या त्या कोठारात जी सामग्री जमली होती, तीच पुढच्या प्रत्येक अपघातात आढळते. जळणारा पदार्थ, हवा आणि ठिणगी ही तर कोणत्याही आगीची त्रयी. तिच्यात आणखी दोन गोष्टींची भर पडावी लागते. धूळ हवेत तरंगत असली पाहिजे आणि जागा कोंडलेली असली पाहिजे. पिठाचा ढीग पेटला तर तो धुमसतो. पिठाचा लोट मोकळ्या जागी पेटला तर नुसता भडका उडतो. तोच लोट चार भिंतींच्या आत पेटला, तर तापून फुगलेल्या हवेला बाहेर जावयास वाट मिळत नाही आणि ती भिंतींनाच वाट करावयास लावते. आपल्या गल्लीतील पिठाच्या गिरणीत भिंती, छत, कोळ्यांची जाळी, फार काय गिरणीवाल्याच्या भुवयासुद्धा पिठाने पांढऱ्या झालेल्या असतात, तरी तेथे असे काही सहसा घडत नाही. सताड उघडे दार आणि बेताचे दळण हेच तिचे संरक्षण होय.

धूळ पेटावयास ती हवेत बरीच दाट असावी लागते. घनमीटरभर हवेत सुमारे ५० ग्रॅम. इतक्या दाटीत पलीकडचा दिवा दिसत नाही, श्वास घेणेही कठीण. म्हणून कोणीही कारखानदार छातीठोकपणे सांगे, की आमच्याकडे एवढी धूळ मुळी उडतच नाही. त्याचे म्हणणे खरे असे. परंतु ती उडत नसली तरी बसलेली असे. जमिनीवर अवघा एक मिलिमीटर जाडीचा थर असला आणि तो पाच मीटर उंचीच्या खोलीत उडाला, तर घनमीटरला सुमारे १०० ग्रॅम धूळ होते. म्हणजे पेटावयास लागते तिच्या दुप्पट. ती उडविण्याचे काम पहिला लहानसा स्फोट करतो. एखाद्या यंत्राच्या पोटात थोडीशी धूळ पेटते, धक्का बसतो, तुळयांवर, फळ्यांवर, नळांवर वर्षानुवर्षे बसलेली धूळ खाली झडते आणि मागून येणारी ज्वाळा तिला गाठते. पहिला धक्का नुसते दार ठोठावतो. घर पाडतो तो दुसरा.

पिठाच्या गिरण्या लहान होत्या तोवर हा धोका लहान होता. एकोणिसाव्या शतकात वाफेच्या आणि पाण्याच्या जोरावर पाच-पाच, सात-सात मजली गिरण्या उभ्या राहिल्या. १८७२ च्या जुलैच्या ९ तारखेस स्कॉटलंडातील ग्लासगो शहराच्या ट्रेडस्टन भागातील एक मोठी गिरणी उडाली आणि १८ माणसे दगावली. प्राध्यापक रँकिन आणि डॉक्टर मॅकॅडम यांनी तिची चौकशी केली. त्यांचा निष्कर्ष आपल्याकडील कोणत्याही दळणाऱ्या बाईला चटकन समजण्यासारखा आहे. जात्याला घास न घालता ते रिकामे फिरविले, तर दगड दगडावर घासतो. ग्लासगोच्या त्या जात्याला धान्य पडावयाचे थांबले, दगडांतून ठिणग्या झडल्या, जवळचे पीठ पेटले, आणि जात्यातील ऊन हवा व धूळ ओढून नेण्यासाठी बसविलेल्या नळातून ज्वाळा धूळ साठविण्याच्या खोलीपर्यंत धावली. म्हणजे धूळ बाहेर नेण्यासाठी केलेली वाटच ज्वाळेला राजमार्ग झाली.

हे सर्व छापून प्रसिद्ध झालेले असताना सहा वर्षांनी अमेरिकेत मिनिआपोलिस येथे त्याचीच मोठी आवृत्ती निघाली. मिसिसिपी नदीवरील सेंट अँथनी धबधब्याच्या काठी गिरण्यांची रांग होती. तिच्यातील सर्वांत मोठी म्हणजे कॅडवॉलडर वॉशबर्न याची 'ए' गिरणी. हा गृहस्थ पूर्वी विस्कॉन्सिन संस्थानचा राज्यपाल होता. गिरणी त्याने १८७४ साली बांधली. त्या प्रदेशात वसंतात पेरला जाणारा गहू टणक. त्याच्या कोंड्याचे बारीक तुकडे होऊन ते रव्यात मिसळत आणि पीठ काळपट दिसे. मग रवा स्वच्छ करणारे एक यंत्र निघाले. खळ्यावर धान्य उफणतात त्याच न्यायाने त्यात रव्यामधून वारा सोडीत आणि कोंडा उडवून लावीत. पीठ पांढरेशुभ्र झाले, त्याला भाव आला, आणि ग्राहकांची पांढऱ्या पिठाची हौस पुरविता पुरविता गिरणीत पूर्वी कधी नव्हती इतकी बारीक, कोरडी धूळ उत्पन्न होऊ लागली. ती खास खोल्यांमध्ये साठत असे.

१८७८ च्या मे महिन्याची २ तारीख. सायंकाळी सातच्या सुमारास दिवसपाळीचे लोक घरी गेले होते आणि रात्रपाळीचे १४ जण कामावर होते. एका मोठ्या धडाक्यासरशी छप्पर आकाशात उडाले, दगडी भिंती चहूकडे फेकल्या गेल्या, आणि पाठोपाठ शेजारच्या दोन गिरण्याही तशाच उडाल्या. 'ए' गिरणीतील चौदांपैकी एकही वाचला नाही. शेजारच्या गिरण्यांतील चौघे धरून मृतांची संख्या १८ झाली. आगीने आणखीही गिरण्या गिळल्या. दहा मैलांवरील सेंट पॉल शहरात धमाका ऐकू गेला. चौदा माणसे हा आकडा लहान वाटण्याचा संभव आहे. पण स्फोट तासभर आधी झाला असता तर काय झाले असते, याचा विचार त्या शहरातील घराघरांत झाला असेल.

पुढची चौकशी नमुनेदार झाली. मिनेसोटा विश्वविद्यालयातील पेक आणि पेकॅम या दोन अध्यापकांनी पंचांसमोर प्रयोग करून दाखविले. लाकडी पेटीत दिवा ठेवावयाचा, भात्याने चिमूट-दोन चिमटी पीठ आत फुंकावयाचे, की झाकणावर उभी असलेली माणसे झाकणासह उचलली जात. साखर, लाकडाचा भुसा, स्टार्च यांचेही तसेच. आता ज्यूरीला शंका घ्यावयास जागा उरली नाही. कारण येथेही कोरडे फिरलेले जातेच ठरले. वॉशबर्नने गिरणी पुन्हा बांधावयास घेतली. विल्यम द ला बार या ऑस्ट्रियन अभियंत्याने तिच्यात धूळ जागच्या जागी ओढून घेण्याची व्यवस्था केली, दगडी जात्यांची जागा पोलादी रुळांनी घेतली, आणि १८८० साली नवी 'ए' गिरणी चालू झाली. रूळ आणले ते मुख्यतः चांगल्या पिठासाठी. परंतु त्यांच्याबरोबर दगडांच्या ठिणग्याही गेल्या. या इमारतीच्या अवशेषांत २००३ सालापासून गिरण्यांचे संग्रहालय आहे.

गिरणीवाले धडा लवकर शिकले याचे श्रेय केवळ त्यांच्या शहाणपणाला देता येत नाही. त्यांच्याजवळ दोष देण्यासाठी दुसरा कोणी नव्हता. पिठाच्या गिरणीत पिठावाचून पेटण्याजोगे असते काय? कोळशाच्या खाणीत मात्र एक सोयीचा आरोपी सदैव हजर असे. तो म्हणजे कोळशाच्या थरांतून झिरपणारा ज्वालाग्राही वायू. त्याच्यासाठी १८१५ साली हम्फ्री डेव्हीने जाळीचा दिवा काढला आणि जगाची समजूत झाली, की आता या शत्रूचा बंदोबस्त झाला. त्यानंतरही खाणी उडतच राहिल्या. दर वेळी लोक म्हणत, की कोठेतरी वायू साचला असेल, कोणीतरी दिवा उघडला असेल. पायाखाली घोटा बुडेपर्यंत साचलेल्या काळ्या भुकटीकडे कोणी संशयाने पाहत नसे. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वायू ही निसर्गाची करणी, तिला मालक काय करणार? धूळ साचू देणे ही मात्र मालकाची करणी. आरोपी निवडताना माणसाला आपली सोय सुचते.

१८४४ च्या सप्टेंबरच्या २८ तारखेस इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील हॅसवेल खाणीत स्फोट होऊन ९५ माणसे व मुले मेली. कामगारांच्या वकिलाच्या आग्रहावरून सरकारने दोन थोर माणसे पाठविली. एक मायकेल फॅरडे आणि दुसरे भूगर्भवेत्ते चार्ल्स लायल. फॅरडेसाहेब खाणीत उतरले तेव्हाची एक गोष्ट लायलने सांगून ठेवली आहे. वाऱ्याचा वेग कसा मोजता, असे फॅरडेने विचारताच एका तपासनिसाने चिमूटभर बंदुकीची दारू मेणबत्तीच्या ज्योतीतून खाली सोडली आणि तिचा धूर वाऱ्याबरोबर किती वेळात किती जातो ते दाखविले. दारू कोठे ठेवता, असे विचारल्यावर, घट्ट बांधलेल्या पिशवीत, असे उत्तर मिळाले. आणि पिशवी? तिच्यावरच आपण बसला आहात, असे तो गृहस्थ शांतपणे म्हणाला! बसावयाला मऊ म्हणून ती पिशवी पाहुण्याला दिली होती आणि आजूबाजूला मेणबत्त्या जळत होत्या. ज्यांना बंदुकीच्या दारूची ही मातब्बरी, त्यांना कोळशाच्या भुकटीची भीती कोठून वाटणार?

फॅरडे आणि लायल यांना खांबांवर आणि भिंतींवर जळून चिकटलेल्या भुकटीचे पापुद्रे दिसले. ही धूळ ज्वाळेत उडाली, तिच्यातील वायू जळाला आणि आगीचा जोर वाढला, असे त्यांनी आपल्या अहवालात स्पष्ट लिहिले. परंतु त्यांचा मुख्य उपाय साचलेला वायू नळांनी काढून टाकण्याचा होता. तो महाग व अव्यवहार्य म्हणून खाणमालकांच्या समितीने बाजूस सारला, आणि धुळीविषयीची चार वाक्ये त्याबरोबर फडताळात गेली. ती बाहेर निघाली तीस वर्षांनी. विल्यम गॅलोवे या खाण-तपासनिसाने १८७६ पासून रॉयल सोसायटीपुढे एकामागून एक निबंध मांडले. हवेत वायूचा अंश इतका थोडा असला की दिव्यावर तो ओळखूही येत नाही, तरी कोळशाची धूळ मिसळताच ती हवा स्फोटक होते, असे त्याने प्रथम सांगितले. पुढे तर वायूवाचून नुसती धूळही पुरे, येथवर तो आला. त्याची पुष्कळ टवाळी झाली. फ्रान्समध्ये मालार आणि ल शातलिए या दोन अव्वल दर्जाच्या शास्त्रज्ञांनी १८८२ च्या सुमारास प्रयोगांअंती निर्णय दिला, की वायू नसेल तेथे धुळीचा धोका गौण मानावा. प्रयोगशाळेतील नळी हातभर आणि खाणीतील वाट कोसभर. लहान नळीत जी ज्वाळा विझते तीच लांब वाटेत वेग घेते, हे त्यांच्या लक्षात आले नाही. मोठ्या माणसांच्या चुकांना मोठेच मोल पडते.

ते मोल फ्रान्सच्या उत्तर भागात कूरिएर येथे भरावे लागले. १९०६ च्या मार्चच्या १० तारखेस, शनिवारी, सकाळी साडेसहाच्या सुमारास. या खाणींत वायूचा उपद्रव नाही अशी त्यांची ख्याती होती, म्हणून तेथे उघडे दिवे वापरीत. त्याच दिवसांत एका थरात आग लागलेली असून ती बाहेरून लिंपून बंद करण्याचे काम चालू होते, तरीही सकाळची पाळी खाली उतरली होती. स्फोटाची ज्वाळा एकमेकींस जोडलेल्या विवरांमधून, मैलोगणती लांबीच्या वाटांमधून काही क्षणांत फिरली. १०९९ माणसे मेली, आणि त्यांत कोवळी पोरेही होती. पहिली ठिणगी कोठली, याविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले. ज्वाळा एवढ्या दूरवर नेली ती धुळीने, याविषयी राहिला नाही.

जर्मनीच्या वेस्टफालिया प्रांतातून श्वसनयंत्रे घेऊन खाणकामगार मदतीस धावून आले. फ्रान्स आणि जर्मनी यांचे तेव्हाचे संबंध आठवले, म्हणजे या गोष्टीची किंमत कळते. इकडे कंपनीने मात्र जिवंत कोणी उरले नाही असे ठरवून शोध लवकरच आवरता घेतला. आणि विसाव्या दिवशी, ३० मार्चला, काळेठिक्कर पडलेले १३ पुरुष अंधारातून चालत वर आले. मेलेल्या घोड्याचे मांस आणि हाती लागेल ते खाऊन त्यांनी दिवस काढले होते. एप्रिलच्या ४ तारखेस आणखी एक जण निघाला. ज्यांच्या घरची माणसे बेपत्ता होती, त्यांनी हे पाहिले तेव्हा त्यांच्या मनात काय आले असेल? शोध थांबविला नसता तर, हा प्रश्न त्या गावांना पिढ्यान् पिढ्या पुरला. मोठा संप पेटला, सैन्य आणावे लागले. त्यानंतर लिएव्हाँ येथे ताफानेल या अभियंत्याच्या देखरेखीखाली धुळीच्या परीक्षेसाठी खरोखरीच्या लांबीची प्रयोगवाट बांधण्यात आली.

आश्चर्याची गोष्ट ही, की याच्यावर उतारा वीस वर्षांपूर्वीच एका माणसाच्या नजरेस पडला होता. १८८६ च्या ऑक्टोबरच्या २ तारखेस यॉर्कशायरमधील ऑल्टोफ्ट्स येथील खाणीत स्फोट होऊन २२ जण मेले. विल्यम गारफर्थ हा तेथील व्यवस्थापक. स्फोटानंतर खाली उतरून तो ज्वाळेच्या वाटेने पावलापावलाने हिंडला. कोळशाच्या गाड्या जेथून जात त्या वाटांवर ज्वाळा बेफाम धावली होती. परंतु जेथे वाटेवर दगडाची पूड साचलेली होती, तेथे ती येऊन आपोआप विझली होती. अशा प्रसंगी माणसे जळाले काय ते पाहतात. न जळलेले पाहण्यास निराळी दृष्टी लागते. गारफर्थला ती होती. दगडाची पूड जळत नाही. स्फोटाच्या धक्क्याने ती कोळशाच्या धुळीबरोबरच उडते, कणाकणांच्या मध्ये शिरते, उष्णता शोषून घेते आणि ज्वाळेचा श्वास कोंडते. म्हणजे ज्या धक्क्याने संकट वाढावयाचे तोच धक्का उपाय जागेवर आणून ठेवतो. काट्याने काटा काढतात म्हणतात तो असा.

तोपर्यंत रूढ असलेला उपाय पाण्याचा होता. वाटा भिजवून ठेवल्या तर धूळ उडत नाही हे खरे. पण पुष्कळ खाणींतील जमीन पाण्याने फुगते, छत सुटते, आणि स्फोटाने नव्हे तर दरड कोसळून माणूस मरतो. दगडाच्या पुडीला हा दोष नव्हता. तरीही गारफर्थचे म्हणणे सिद्ध करण्याची संधी कूरिएरनंतर आली. १९०८ साली खाणमालकांच्या संघाच्या खर्चाने ऑल्टोफ्ट्स येथे उघड्यावर, बाष्पपात्रांची लोखंडी नळकांडी एकास एक जोडून, शेकडो फूट लांबीचा बोगदा तयार केला. त्यात वायूचा लवलेश नसताना नुसत्या कोळशाच्या धुळीने भयंकर स्फोट घडवून दाखविले आणि पुढच्या टप्प्यात दगडाची पूड पसरून तीच ज्वाळा विझवूनही दाखविली. कामगारांच्या फुप्फुसांना ही पूड बाधेल अशी रास्त शंका निघाली, म्हणून गारेचा अंश कमी असलेला दगड आणि पुढे चुनखडी निवडण्यात आली.

प्रयोग झाला तरी कायदा व्हावयास आणखी बारा वर्षे गेली. मध्यंतरी १९१३ च्या ऑक्टोबरच्या १४ तारखेस वेल्समधील सेंघेनिड येथे खाण उडून ४३९ कामगार आणि त्यांना सोडवावयास गेलेला एक जण मेला. नियमभंगाबद्दल व्यवस्थापकास २४ पौंड आणि कंपनीस १० पौंड दंड झाला. एका जिवाची किंमत कितीशी पडली, हा हिशेब वृत्तपत्रांनी करून छापला. अखेर १९२० च्या नियमांनी ब्रिटनमधील खाणींत वाटेवरच्या धुळीत निम्मा भाग तरी न जळणारा असलाच पाहिजे असे बंधन घातले. अमेरिकेत २०१० साली अपर बिग ब्रँच खाणीत २९ माणसे मेल्यावर हे प्रमाण शेकडा ८० वर नेले. आपल्या देशात दामोदर खोऱ्यातील धोरी खाणीत, १९६५ च्या मेच्या २८ तारखेस, कोळशाच्या धुळीने २६८ कामगारांचा बळी घेतला. त्या वेळी दगडाची पूड हा उपाय जगाला पुरेपूर ठाऊक होऊन अर्धशतक लोटले होते. उपाय स्वस्त आहे, पण तो एकदा करून भागत नाही. पांढऱ्या पुडीवर दर पाळीला नवा काळा थर बसतो, आणि तो किती बसला हे कोणीतरी रोज वाकून पाहावे लागते.

कारखान्यांत दगडाची पूड चालत नाही. साखरेत किंवा पिठात ती कोण टाकील? तेथे साधने वेगळी. यंत्राच्या तोंडाशीच धूळ ओढून घ्यावयाची. धान्यातील खिळे-मोळे लोहचुंबकाने आधीच वेचावयाचे. फिरत्या दांड्याच्या धारव्याला ताप चढला की यंत्र थांबवावयाचे. भिंतीत मुद्दाम कच्च्या झडपा ठेवावयाच्या, म्हणजे दाब वाढताच त्या उघडून ज्वाळा आकाशाकडे जाते. आणि तुळयांच्या माथ्यांना उतार द्यावयाचा, म्हणजे धूळ बसतच नाही. या सर्वांवर वरचढ साधन म्हणजे केरसुणी, आणि तीही धूळ न उडेल अशी हळू फिरविलेली. १९७७ च्या डिसेंबरात लुइझियाना प्रांतातील वेस्टवेगो येथे धान्याचे कोठार उडून ३६ माणसे मेली, तेव्हा दहा वर्षांनी, १९८७ साली, अमेरिकन सरकारने धान्यकोठारांपुरता नियम केला. त्यात महत्त्वाच्या जागी एक अष्टमांश इंचाहून जाड थर राहू देऊ नये असे आहे. नियम धान्यापुरता, साखर, लाकूड, धातू त्यात नव्हते. चीनमधील कुनशान येथे २०१४ साली मोटारीच्या चाकांना झिलई देणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीने १४६ माणसे मारली. २०१५ च्या जूनमध्ये तैवानात एका जलक्रीडा-उद्यानात रंगपंचमीसारखा उत्सव चालू असता मक्याच्या स्टार्चची रंगीत भुकटी प्रेक्षकांवर उडविली, ती पेटली. सुमारे ५०० तरुण-तरुणी भाजल्या आणि १५ मेल्या. राळ आणि पलिता यांची ही भेट मोकळ्या मैदानात झाली, म्हणून स्फोट झाला नाही, एवढेच.

पण या सर्वांत जॉर्जिया प्रांतातील पोर्ट वेंटवर्थ येथील साखर कारखान्याची हकीकत मनाला अधिक लागते, कारण तेथे घात झाला तो स्वच्छतेच्या हेतूने. साखरेच्या उंच कोठ्यांच्या खाली बोगद्यातून एक वाहक पट्टा जात असे. तो कित्येक वर्षे उघडा होता. धूळ बोगद्यात पसरे, विरळ होई. साखरेत काही पडू नये म्हणून २००७ साली त्याला पोलादी पत्र्यांनी झाकले. आतील धूळ ओढून घेण्याची सोय केली नाही, दाब सोडण्यासाठी झडपाही ठेवल्या नाहीत. २००८ च्या फेब्रुवारीच्या ७ तारखेस सायंकाळी त्या पेटीत कोंडलेली साखरेची धूळ पेटली, बहुधा तापलेल्या धारव्याने. पहिल्या धक्क्याने कारखान्याच्या मजल्यामजल्यांवर साचलेली साखर उडाली आणि ज्वाळा बांधणीच्या इमारतीतून फिरली. १४ कामगार मेले, कित्येक जन्मभराचे भाजले. सरकारी चौकशी मंडळाने सर्व कारखान्यांसाठी धुळीचा एकच नियम करण्याची शिफारस या अपघाताच्या दोन वर्षे आधी, २००६ सालीच केली होती. नियमाचा मसुदा करण्याचे काम २००९ साली हाती घेतले गेले, आणि २०१७ साली ते सरकारच्या कार्यसूचीतून काढून टाकण्यात आले.